ट्रेलरचे नवे टायर

"दिसायला तर धड आहेत की," टायरच्या दुकानासमोर ट्रेलरच्या जुन्या टायरवर थोपटत म्हातारे वर्लिन म्हणाले. कित्येक वर्षं लेकीच्या अंगणातला हा ट्रेलरच त्यांचं घर होता आणि आजवर तो जागचा हलला नव्हता. आता लेक त्यांना फिरायला नेणार होती.

"बाबा, नुसतं उभं राहूनही रबर कुजतं. वाटेत फुटला म्हणजे?" लोर्ना दुकानदाराकडे वळली. "गाडीचे नकोत, खास ट्रेलरचेच द्या. जास्त वजन पेलणारे, आणि यंदाच बनलेले. टायरच्या कडेवर छापलेली तारीख मी स्वतः बघणार."

"नशीबवान आहात, आजोबा! लोक ओढणाऱ्या गाडीला भारी टायर घालतात आणि ट्रेलरला उरलेसुरले."

एरवी वर्लिनच्या कॉफीतल्या साखरेचाही हिशेब ठेवणारी ही पोरगी! डोळे पुसायला ते बाहेर गेले.

"स्टेपनीही देऊ का?" दुकानदाराने विचारलं.

"द्याच. आयडाहोला भावाच्या दारात ट्रेलर सोडून यायचाय, बाबांसकट. अर्ध्या वाटेत अडकायला नको."

"भाऊ वाट बघत असेल."

"त्याला कुठे माहितेय अजून! ट्रेलर सोडला, की परतीच्या रस्त्यावरून फोन करीन."