चकचकीत स्क्रीन

सून घरूनच कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावण्याचं काम करायची. नवा लॅपटॉप आल्यापासून तिचं डोकं फिरलं होतं. स्क्रीन अशी चकचकीत, की अक्षरं कमी आणि मागची खोलीच जास्त दिसायची. न चमकणारी स्क्रीन मिळावी म्हणून तिने दुकानं पालथी घातली, तर म्हणे, तसली आता कोणी बनवतच नाही.

“डोळे आमचे, आणि त्यांना काय सोसतं ते कंपन्या ठरवणार,” ती दिवसभर करवादायची. तिच्या पाठीमागच्या पलंगावरून सासूबाई मान डोलवायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी पलंग धरला होता तो धरलाच. चाला, चाला म्हणून सगळे थकले. “तुम्ही असे टक लावून बघता, मग माझे पाय लटपटतात,” हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

अखेर नवऱ्याने कुठूनशी स्क्रीनची चमक घालवणारी फिल्म मिळवून आणली. ती चिकटवायला सुनेने मोठ्या खुशीत लॅपटॉप बंद केला, आणि काळ्या स्क्रीनमध्ये तिला सासूबाई दिसल्या. काठी पलंगावरच ठेवून, सुनेच्या पाठीकडे बघत, त्या एकेक पाऊल टाकत खिडकीकडे निघाल्या होत्या.

मधेच त्या थबकल्या. “काय गं, टाइपिंग थांबलं?”

“छे हो आई, आज मान वर करायला फुरसत नाही,” सून म्हणाली. तिने फिल्म हळूच खणात सरकवली आणि बंद लॅपटॉपवर खटाखट टाइप करू लागली.