बोटांची बेचकी

वृद्धाश्रमातल्या सगळ्या चादरी सिंधूताईंनी उकळून घेतल्या, तरी दोघांची खरूज हटेना. पुरुषांच्या इमारतीतले टिपणीससाहेब आणि बायकांच्या इमारतीतल्या वत्सलाबाई. पेपर आधी कोणी वाचायचा यावरून भांडल्यापासून दोघं एकमेकांकडे बघतही नसत.

"हवेतून आली असेल," वत्सलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोघांच्या बोटांची बेचकी तपासली. "खरजेचे किडे उडत नाहीत, आजी. हातात हात बराच वेळ असावा लागतो."

टिपणीससाहेब पंखा न्याहाळू लागले. सिंधूताईंनी चष्मा काढून पुसला.

"मलम दोघांनी एकाच दिवशी लावायचं. मानेपासून तळपायापर्यंत, कुठलीही जागा न सोडता. जमेल ना?"

"मला जमेल," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण यांचा हात पाठीला पोचत नाही."