सुभेदारांचं आतडं

"दुश्मन सरहद्दीवर दिसला की तितंच गाठायचा. आत यायची वाट बगत बसायचं न्हाई!"

सांगलीच्या त्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या सगळ्यांना हे ऐकावंच लागलं. बोलणारे होते रहिमतपूरचे सुभेदार सयाजी, निवृत्त. छाती ताठ होती, मिशी वर होती. खुर्ची मात्र संडासाच्या दाराला खेटून होती. मोठ्या आतड्याला जुनी सूज. पंधरा वर्षं पोटानं हुकूम सोडला की सुभेदार पळत. अलीकडे पोट गप्प होतं, पण मोक्याची जागा सोडायची त्यांना सवय नव्हती.

नंबर आला. सोबत बायको हरणाबाई. डॉक्टर सुमंतांनी दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांचा रिपोर्ट पुढ्यात घेतला.

"कॅन्सर झालेला नाही."

सुभेदारांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू हे त्यांनीच जमवून आणलं होतं.

"पण पेशी बदलायला लागल्यात. सूज इतकी जुनी झाली की असं होतं. त्रास नसला तरी होतं. पुढे केव्हा कॅन्सर होईल ते सांगता येत नाही. सगळं मोठं आतडं आत्ताच काढून टाकू."

"मग जायचं कुठनं?"

"पोटावर एक वाट करायची. तिथं पिशवी लावायची. कायमची."

सुभेदार भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अजून आलाच न्हाई म्हंता न्हवं? मग थांबू की. आला की बगू."

"आवं, मगाशी भाईर काय सांगत हुतासा?" हरणाबाई म्हणाल्या.

"त्ये लडाखचं हुतं."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

"पिशवीची लाज वाटती व्हय?" हरणाबाईंचा आवाज चढला. "एष्टी थांबवायला कंडक्टरच्या हातापाया कोण पडत हुतं? कोरेगावच्या अलीकडं, भर उन्हात, रस्त्याच्या कडंला तुमच्या म्होरं पदर आडवा धरून मी हुबी ऱ्हायले. सगळी एष्टी बगत हुती. मी न्हाई लाजले. आन् तुमी आता लाजंपायी मरणार?"

 हरणाबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं.

 सुभेदार उठले आणि शर्टाची बटणं काढू लागले.

"अहो, आज नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी भरती व्हायला लागेल."

"ठावं हाय." सुभेदारांनी शर्ट बाजूला धरला आणि बेंबीखाली बोट टेकवलं. "वाट तेवढी पट्ट्याच्या खाली काढा, डाक्टर. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला उभं ऱ्हावं लागतं. पट्टा ढिला दिसाय नगं."