पाठीवरचा तीळ

कुमुदताईंनी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि ब्लाउज खांद्यावरून सरकवून कॅमेऱ्याकडे पाठ केली. घरात त्या एकट्याच. पाठीवरचा तीळ बघायला दुसरं कोणी नव्हतं.

पहिला फोटो हलला. दुसरा स्पष्ट आला. दिवाळीतल्या फोटोत मसुराएवढा असलेला तीळ आता चिंचोक्याएवढा आणि वेडावाकडा झाला होता. फोटो पुसून टाकावा, असंच आधी मनात आलं.

मग त्यांनी शेजारच्या नफिसाला हाक मारली. "जरा पाठ बघतेस का गं? मला भीती वाटतेय."

नफिसाने पाहिलं आणि ब्लाउज हलकेच वर ओढला. "कधीपासून एकट्याच बघताय हे?"

"दिवाळीपासून."

"पदर नीट घ्या, ताई. दवाखाना सातपर्यंत उघडा असतो," म्हणत ती आपल्या घराला कुलूप लावायला गेली.