तेरावी फरशी

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," असं आधी बजावूनच विश्वनाथमामांनी गोष्ट सुरू केली. गोष्ट अशी.

साताऱ्याचे मामा चंडीगडला बहिणीकडे, वसुधाकडे आले होते. तिचा निशांत बावीस वर्षांचा, स्वमग्न. शहराचा नकाशा त्याला तोंडपाठ. कुठल्या सेक्टरला कुठला सेक्टर लागून आहे, झोपेतून उठवून विचारा. आपलं चौकोनी शहर आकाशपाळण्यातून बघायचं, एवढा एकच त्याचा हट्ट. पण पाळण्याआधी रांग. धक्के, कलकलाट, आणि संपणार कधी ते कुणी सांगत नाही. दोनदा तो कान दाबून अर्ध्यातूनच बाहेर पडला होता.

"तिसऱ्यांदा परत फिरला ना, दादा, तर पुन्हा नाही आणणार मी," वसुधा म्हणाली. "नंतर आठ-आठ दिवस बोलत नाही तो."

"तू कठड्याबाहेर थांब. रांग माझ्यावर सोड."

पाळणा होता शहरातल्या नव्या अ‍ॅम्युझमेंट पार्कात; तिथे रांगेची वाट चौकोनी फरशांची. मामांनी खिशातून खडू काढला आणि लोकांच्या पायांमधून वाट काढत थेट पाळण्यापर्यंत फरशी-फरशीवर आकडे घातले. "निशांत, हे सेक्टर. एकेक ओलांडायचा. शेवटचा आला की पाळणा."

निशांतला पटलं. एक, दोन, तीन... बारापर्यंत स्वारी खुशीत. मग जागच्या जागी खिळली.

"तेरा नहीं होता."

"काय?"

"चंडीगढ में सेक्टर तेरा नहीं है, मामा."

साताऱ्याच्या माणसाला काय ठाऊक, की या शहरात बारानंतर थेट चौदा! मागून एक सरदारजी ओरडले, "ओ बाऊजी, चलो!" निशांतचे हात कानांकडे निघाले. मामांनी घाईघाईने रुमालाने आकडा पुसला. पण फरशी होतीच ना तिथे.

"मग हिच्यावर पायच ठेवायचा नाही," मामा म्हणाले आणि साठीतल्या गुडघ्यांनी मारली उडी. निशांतने मारली. कारण कळलं तशी सरदारजींनीही मारली, पगडी सावरत. आणि मग मागची अख्खी रांग ती फरशी उडी मारून ओलांडू लागली. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून आलेला एक कर्नल तर पाय जुळवून कवायतीत उडाला. एक नवी नवरी चुडा वाजवत उडाली. रेटारेटी आपोआप थांबली. ज्याला त्याला आपल्या उडीपुरती जागा हवी होती.

पुढचे सेक्टर निशांतने मोठ्याने मोजले. पाळण्याचं दार उघडलं, मामा-भाचे बसले. अगदी टोकाला पाळणा थांबला, तेव्हा खाली सगळं शहर चौकटीच्या वहीसारखं पसरलेलं. निशांतने बोट दाखवून एकेक सेक्टर ओळखला. मग कठड्याशी उभ्या आईला त्याने हात हलवला. वसुधा हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

"झूठ!" मामांची गोष्ट तिथेच तोडत निशांत म्हणाला. "मामा, आपण अजून लाइनमध्येच आहोत. पुढे अकरा जण आहेत."