डावा पंख

तीन हजार फुटांवर विमानाचा डावा पंख पुन्हा खाली कलंडला.

मर्व्हने इंजिनाचा जोर वाढवला, विमान सावरलं आणि एकट्यानंच एक शिवी हासडली.

दर सोमवारी गुरांच्या पाण्याच्या टाक्या बघायला निघालं की वाटेत एकदा हा सराव करायचाच, असा त्याचा शिरस्ता होता. वेग कमी करत न्यायचा, नाक वर धरायचं, पंखांना हवा उचलून धरेनाशी झाली की सावरायचं. एकतीस वर्षं हे विमान दमलेल्या गाईसारखं सरळ खाली बसत आलं होतं. गेल्या मार्चपासून मात्र ते डावीकडे कोसळत होतं.

म्हणजे विमान म्हातारं झालं होतं, नाहीतर तो.

शुक्रवारी क्लिफ मेकॅनिकने पंख मापले, बोल्ट तपासले, सगळ्या तारा ताणून बघितल्या.

"विमानाला धाड भरलेली नाही," तो म्हणाला. "म्हाताऱ्या, उजव्या पायाने सुकाणूचं पेडल वेळेवर दाबतोस ना? की झोपा काढतोस वर?"

मर्व्ह हसला. पण तेव्हापासून जेवताना तो टेबलाखाली उजव्या पायाची बोटं हलवून बघू लागला. नोलाला, त्याच्या बायकोला, हल्ली धूसर दिसायचं, पण कान तिखट होते.

"काय चाललंय खाली?"

"डास."

पुढच्या गुरुवारी परवान्याची चाचणी होती. परवाना गेला तर विमान गेलं, आणि विमानाशिवाय एवढ्या रानातल्या टाक्या बघणं त्या दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग गुरं विकायची आणि टाउन्सव्हिल शहरातल्या दोन खोल्यांत जाऊन रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसायचं. मर्व्हला त्या खोल्यांची मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती.

चाचणी घ्यायला रोंडा आली. चांगली धिप्पाड बाई. उजव्या सीटवर चढली तसं विमान चाकांवर जरासं तिच्या बाजूला कललं.

"चल, दाखव," वर गेल्यावर ती म्हणाली. तिने हात मांडीवर ठेवले, पाय मागे ओढून घेतले.

मर्व्हने वेग उतरवला. नाक वर. इशाऱ्याचा भोंगा कण्हू लागला. त्याने उजवा पाय तयार ठेवला.

विमान सरळ खाली बसलं.

"पुन्हा."

पुन्हा सरळ. पाच वेळा केलं, पाचही वेळा सरळ.

"हातपाय ठणठणीत आहेत तुझे," रोंडा म्हणाली. "सही करते मी."

मर्व्हचे डोळे भरून आले. त्याला इतकं हलकं वाटलं, की खाली येईपर्यंत तो तिला नको ते विनोद सांगत राहिला.

नोलाने व्हरांड्यात चहा आणि स्कोनचे छोटे पाव मांडले होते. बसल्या बसल्या मर्व्हने सगळं ओकून टाकलं. पंख, पाय, टेबलाखालची बोटं, सगळं.

"डास म्हणे," नोला म्हणाली. पण तिचा हात त्याच्या हातावर आला.

"म्हणजे खोट विमानातच आहे," मर्व्ह म्हणाला.

"क्लिफला सापडली नाही," रोंडा म्हणाली. "मलाही आत्ता दिसली नाही."

"मग सोमवारी काय मला स्वप्न पडलं?"

रोंडाने स्कोनला लोणी लावलं. "सोमवारी विमानात कोण कोण होतं?"

"मी एकटा."

"आणि मार्चच्या आधी?"

"आधी मी जायचे ना सोबत, उजव्या सीटवर," नोला म्हणाली. "एकतीस वर्षांत एक सोमवार चुकवला नाही. हा चालवायचा, मी पाणी बघायचे. मग टाक्याच दिसेनाशा झाल्या. नुसतं बसून काय करायचं, म्हणून सोडलं मी."

रोंडाने स्कोन बशीत ठेवला.

"नोला, रागावू नकोस," ती म्हणाली. "तुझं वजन किती?"