एकशे चाळीसपर्यंत

"वजन?" मिस्त्रीने विचारलं.

"छप्पन्न," बायको म्हणाली. घड्याळात बघून वेळ सांगावी तसं.

"आणि साहेबांचं?"

साहेब भिंतीवरच्या टायरांकडे बघत होते. "अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले.

नवरा खरं तर ब्याण्णव होता. पण गेले सहा महिने तो रोज सकाळी बूट घालून पळायला जात होता, निदान घरात तशी समजूत होती, आणि सहा महिने पळणारा माणूस ब्याण्णव किलोचा असू शकत नाही. बायको असं कधी म्हणाली नव्हती. तिच्यावर तसं म्हणायची वेळ येऊ नये म्हणूनच तो अठ्ठ्याहत्तर होता.

सायकल दोन सीटांची होती. पुढे बायको, मागे तो. हँडल तिचं, दोन्ही ब्रेक तिचे. त्याच्या वाट्याला पेडल मारणं आणि तिची पाठ बघणं. रविवारी डोंगरावर जोड्यांची शर्यत होती आणि त्यासाठी मागच्या चाकाचा हब बदलायचा होता. हब म्हणजे चाकाच्या मधोमधचा तो गोळा, ज्याच्या पोटात छर्रे फिरतात आणि ज्याच्या कडेला सगळे स्पोक अडकवलेले असतात. तो नेमका मागच्या सीटखाली येतो, ही माहिती मिस्त्रीने आपणहून दिली.

मिस्त्रीने दोन तयार चाकं समोर ठेवली. "ह्याचा हब तीनशे वीस ग्रॅम. ह्याचा चारशे ऐंशी. हलका पाहिजे की टिकाऊ?"

"दोन्ही."

"ताई, दोन्ही तर नवऱ्यातसुद्धा मिळत नाही."

बायकोने नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं. "हो ना," ती म्हणाली.

"हलका हवा तर दोघं मिळून एकशे चाळीसपर्यंत. वर एक किलो नको."

"आमचे एकशे चौतीस. बसतं की."

एकशे अठ्ठेचाळीस, त्याने मनात केलं. शाळेत त्याची बेरीज कधी इतक्या पटकन झाली नव्हती. बायकोला एकशे साठ ग्रॅम वाचवायचे होते. त्याने आत्ताच चौदा किलो वाचवून दिले होते.

काउंटरवर पत्र्याचा एक डबा होता. आत फुटलेले हब, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्याने एक उचलला. कड कुरतडल्यासारखी तुटली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'म्हणाला ७०'. दुसरीवर, 'म्हणाले ६५'.

"हे काय?"

"गिऱ्हाईक आपलं वजन सांगतं ना, ते लिहून ठेवतो. हब फुटून परत आला की चिठ्ठी बांधतो."

"आणि गिऱ्हाईक?"

मिस्त्रीने थोडा विचार केला. "कधीकधी तेही परत येतं."

त्याने हब अलगद डब्यात ठेवला. झोपलेलं काहीतरी उठू नये, इतका अलगद.

"आपण जडवाला घेऊया का?"

"का?"

"मनाला बरं वाटेल."

"किती किलोचं आहे रे तुझं मन?"

मिस्त्री पेन उघडून थांबला होता. "काही बदलायचंय का, साहेब?"

बोलायची वेळ हीच होती. त्याने तोंड उघडलंही. मग बायकोने सहज मान वळवली, आणि तोंडातून अठ्ठ्याहत्तर बाहेर पडलं. दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा जास्त ठाम.

मिस्त्रीने पुठ्ठ्यावर आकडा लिहिला. चाक चढवलं, नट आवळला. "समोरच्या उतारावर एक चक्कर मारून या. खाली कालवा आहे, त्याच्या आधी वळा म्हणजे झालं."

उतार सुरू झाला तेव्हा सगळं ठीक होतं. विजेचे खांब एकेक करून मागे जात होते. मग ते घाईने जायला लागले. त्याच्या खालून एक आवाज आला. टिक. थोड्या वेळाने पुन्हा, टिक. त्याने बूड जरा वर उचललं. दोन्ही पाय पेडलवर असताना उचललेलं बूड वजनातून वजा होत नाही, हे त्यालाही माहीत होतं, पण काहीतरी करणं भाग होतं.

टिक. टिक.

"ब्याण्णव!" तो ओरडला.

बायकोने ब्रेक दाबला. थोडासाच. खांब मघापेक्षा सावकाश जायला लागले. त्याने श्वास सोडला.

"आणि?" ती म्हणाली. मागे न बघता.

तिने ब्रेक सोडला.

"आणि मी पळायला जात नाही! वाचनालयामागच्या बाकावर बसतो!"

ब्रेक. थोडासाच.

"आणि?"

पुन्हा सोडला. टिक, टिक, टिक.

"अगं, तूपण ह्याच सायकलवर बसली आहेस!"

हे तिने धरलंच नाही. ब्रेक लागला नाही.

"वजनकाट्याचे सेल मीच काढले!"

ब्रेक.

"तुझ्या भावाला मीच सांगितलं की तू गावाला गेलीयेस! दोन्ही वेळा!"

ब्रेक, ह्या वेळी जरा जास्त. तिच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं. इतकी वर्षं तो ती पाठ बघत होता, पण ती वाचायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"आणि?"

ब्रेक सुटला. खालचा आवाज आता टिक राहिला नव्हता, सलग झाला होता. त्याने घाईघाईने आठवून बघितलं. लग्नाआधीचं, नोकरीतलं, लहानपणचं.

"मी... मी शेजाऱ्यांच्या कुंड्या फोडल्या!" त्याने फोडल्या नव्हत्या.

ब्रेक लागला नाही.

कालव्याचं पाणी दिसायला लागलं होतं. उतार अजून निम्मा बाकी होता, आणि त्याच्याकडचं खरं संपलं होतं.